प्रोफेसर देवधरांचं वेळापत्रक

पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातले संस्कृतचे प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर यांनी १९४०-४१च्या रणजी मोसमात मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या, तेव्हा त्यांचं वय ४८ होतं. मुंबईचा संघ त्या काळीही कुणाला सहज हार जाणारा नव्हता. महाराष्ट्राच्या ६७५ धावांना त्यांनी ६५०नं उत्तर दिलं. तरी त्या वर्षी करंडक महाराष्ट्राकडेच आला. आदल्या वर्षीही आला होता, आणि दोन्ही वेळा कर्णधार देवधरच होते. आज अठ्ठेचाळीस वर्षांचा प्राध्यापक म्हटलं की आपल्याला नॅक मूल्यांकनाच्या फायली आणि गुडघ्याला बांधलेला पट्टा आठवतो.

वर्ध्यात बसून करिअरचा सल्ला देणाऱ्यानं पुण्याच्या एका जुन्या क्रिकेटपटूची आठवण कशाला काढावी? कारण दहावी-बारावीच्या तोंडावर माझ्याकडे येणाऱ्या पालकांपैकी बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो. मूल खेळात चमकतंय, अभ्यासातही ठीक आहे, आता दोन्हींपैकी काय सोडायचं? ‘सोडायचं’ हे आधीच ठरलेलं असतं. काय सोडायचं, एवढंच विचारायला ते आलेले असतात. देवधरांनी काहीच सोडलं नव्हतं. पण म्हणून ‘बघा, दोन्ही जमतं’ असं सांगून मी त्यांना परत पाठवत नाही. दोन्ही कसं जमलं आणि कशामुळे जमलं, हे न बघता दिलेला दाखला पोराच्या जिवावर बेतू शकतो.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२चा आणि मृत्यू २४ ऑगस्ट १९९३चा. म्हणजे शंभरी ओलांडून गेले. १९२६-२७ साली आर्थर गिलिगनचा एमसीसी संघ भारतात आला होता. मुंबईत हिंदू संघाकडून खेळताना आपल्या नागपूरच्या सी. के. नायडूंनी १५३ धावा कुटल्या, त्यात ११ षटकार. ती खेळी सगळ्यांना ठाऊक असते. तिच्या पाठोपाठ त्याच दौऱ्यात भारतीय संघाकडून देवधरांनी केलेलं १४८ मात्र कमी लोकांना आठवतं. हिंदुस्थानला कसोटीचा दर्जा द्यावा, असं इंग्रजांना वाटायला लागण्यात त्या दोन्ही खेळ्यांचा वाटा होता. प्रत्यक्षात १९३२ साली लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला, तेव्हा देवधर चाळीस वर्षांचे होते आणि संघात नव्हते. कसोटी त्यांच्या वाट्याला कधीच आली नाही. पुढे पन्नाशी उलटल्यावर त्यांनी नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतकं ठोकली. सरकारनं पद्मश्री दिली, पद्मभूषण दिलं, १९७३-७४ पासून त्यांच्या नावाची देवधर करंडक स्पर्धा सुरू झाली. त्यांच्या मुली बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय विजेत्या झाल्या. हे सगळं होऊनही क्रिकेटच्या जगात लोक त्यांना शेवटपर्यंत ‘प्रोफेसर देवधर’च म्हणत राहिले, हे मला विशेष वाटतं. मैदानावरच्या माणसाला वर्गातली पदवी अशी चिकटलेली क्वचितच दिसते.

आता आकडा बघा. १९११ ते १९४८ एवढ्या काळात देवधर प्रथम श्रेणीचे ८१ सामने खेळले. सदतीस वर्षांत ८१. वर्षाला सरासरी दोन-सव्वादोन सामने पडले. क्रिकेट थंडीच्या दिवसांत, सामने हातावर मोजण्याइतके, शिबिरं नाहीत, लिलाव नाहीत. बाकीचे दिवस वर्ग, रघुवंश आणि पेपर तपासणी. शिवाय पगार कॉलेजचा. त्या काळातल्या अनेक मोठ्या खेळाडूंना कुठल्या तरी संस्थानिकाच्या आश्रयाला जावं लागे. नायडू नागपूर सोडून इंदूरला होळकरांच्या सैन्यात गेले ते त्यातूनच. देवधरांना ती गरज पडली नाही, कारण महिन्याच्या महिन्याला घर चालवणारी नोकरी होती आणि ती नोकरी खेळाच्या आड येत नव्हती. त्यांच्या मोठेपणातून हे काही वजा होत नाही. पन्नाशीच्या तोंडावर द्विशतकाच्या पलीकडे जायला जे लागतं ते कुठल्याही कॉलेजच्या नोकरीतून मिळत नाही. पण दोन्ही गाड्या एकाच रुळावरून जाऊ शकल्या, ते तेव्हाचं वेळापत्रक तसं होतं म्हणून.

आज विदर्भाच्या रणजी संघातल्या मुलाला हे जमेल का? विदर्भानं २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा करंडक जिंकला. त्या संघातल्या पोरांचा हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो तो उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. त्याआधी शिबिरं, मध्ये एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी. संस्कृत शिकवणं राहू द्या, बी.कॉम.ची अंतर्गत परीक्षा द्यायलाही सुट्टी मागावी लागते. तरी त्या पहिल्या विजयात, दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक घेणारा रजनीश गुरबानी सिव्हिल इंजिनीअर आहे. त्यानं इंजिनीअरिंगही पदरात पाडून घेतलं.

म्हणून पालकांना मी ‘खेळ की अभ्यास’ हा प्रश्नच बाजूला ठेवायला सांगतो. तुमच्या मुलाच्या खेळाचं वर्ष कसं असतं, हंगाम कधी, विश्रांती कधी, आणि त्या खेळाचं शिखर साधारण कुठल्या वयात येतं, हे आधी कागदावर मांडा. त्यावरून अभ्यास कुठे बसतो ते दिसतं. देवधरांसारखं आयुष्यभर जोडीनं चालणं ही एक तऱ्हा झाली. तऱ्हा आणखीही आहेत, आणि त्या समजून घ्यायला थोडं दूर जावं लागेल.

अमेरिकन फुटबॉल हा आपल्याकडे कुणी खेळत नाही असा धसमुसळा खेळ. त्यात फ्रँक रायन नावाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास देणारा मुख्य खेळाडू होता. २७ डिसेंबर १९६४ रोजी त्याच्या क्लीव्हलँड ब्राउन्सनी बाल्टिमोरला २७-०नं हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्या सामन्यात रायननं तीन टचडाउन पास दिले. पुढच्याच वर्षी, १९६५ साली, त्याला राइस विद्यापीठाची गणितातली पीएच.डी. मिळाली. हे एकदम घडलेलं नव्हतं. तो खेळ शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत चालतो, मग सहा-सात महिने मोकळे. ते महिने रायन गणितात घालवायचा, वर्षानुवर्षं. खेळत असतानाच तो क्लीव्हलँडच्या केस इन्स्टिट्यूटमध्ये गणित शिकवू लागला होता. निवृत्तीनंतर अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात इलेक्ट्रॉनिक मतदानाची यंत्रणा आणण्याचं काम त्यानं केलं, नंतर येल विद्यापीठाचा क्रीडा संचालक झाला. १ जानेवारी २०२४ रोजी तो ८७व्या वर्षी गेला. रायनची तऱ्हा म्हणजे हंगाम खेळाचा, रिकामा काळ अभ्यासाचा. खरिपाचं निघालं की त्याच वावरात चणा पेरतात, तसं.

तिसरी तऱ्हा जॉन अर्शेलची, आणि तिच्यात काळजाला लागणारी गोष्ट आहे. हाही अमेरिकन फुटबॉलवाला. २०१४ साली बाल्टिमोर रेव्हन्सनी त्याला घेतलं. पेन स्टेटमधून गणिताची पदवी आणि पदव्युत्तर पदवी त्यानं आधीच घेतली होती. २०१५च्या सरावात डोक्याला मार बसला, मेंदूला धक्का पोचला. काही आठवडे अवघड गणित डोक्यात शिरेना, हे त्यानं स्वतःच नंतर सांगितलं. तरी परत खेळला, आणि एमआयटीत पीएच.डी.साठी प्रवेशही घेतला. मग २०१७च्या जुलैमध्ये, माजी फुटबॉलपटूंच्या मेंदूवर झालेल्या दुखापतीबद्दलचं एक मोठं संशोधन प्रसिद्ध झालं आणि दोनच दिवसांत, वयाच्या २६व्या वर्षी, अर्शेलनं खेळ थांबवला. २०२१ला पीएच.डी. झाली, आज तो एमआयटीतच शिकवतो. इथे खेळ आणि विद्या जोडीनं चालूच शकत नव्हते. एक संपवूनच दुसरं पुढे न्यायचं होतं. पण लक्षात घ्या, गणिताचा दोर त्यानं खेळताना कधी सोडला नव्हता. सुटला असता तर सव्विसाव्या वर्षी पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती.

आपल्या मराठी पोरांमध्ये याच्या जवळ जाणारं उदाहरण सौरभ नेत्रावळकरचं. मुंबईचा डावखुरा वेगवान गोलंदाज. २०१०ला एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, २०१३ला कॉम्प्युटर इंजिनीअर झाला, त्याच वर्षी मुंबईकडून रणजी खेळला. पुढे जागा पक्की होईना. २०१५ साली तो कॉर्नेल विद्यापीठात पुढच्या शिक्षणाला गेला, ओरॅकलमध्ये नोकरीला लागला आणि क्रिकेट संपलं असं घरच्यांनी समजावं, इथपर्यंत गोष्ट आली. ती संपली नाही. अमेरिकेच्या संघाचा तो कर्णधार झाला आणि ६ जून २०२४ रोजी डलासला पाकिस्तानविरुद्धची सुपर ओव्हर त्यानं टाकली. तिथे अमेरिका जिंकली. हे वाचून पालक खूश होतात, पण मी त्यांना २०१३ ते २०१५ ही दोन वर्षं दाखवतो. पदवी हातात असल्यामुळेच त्या दोन वर्षांत मुंबईच्या मैदानांवर घासून बघता आलं आणि नाही जमलं तेव्हा रस्ता बदलता आला. ‘एवढी मुदत, मग फेरविचार’ असं घरात आधीच बोलून ठेवलेलं असेल तर भांडणं निम्म्यानं कमी होतात. आमच्याकडे ते बोलणं होतच नाही. पोरगा पंचविशीला टेकतो, बाप रुसतो, आई मधे पडते.

खेळातून आलेला माणूस विद्वान होतो म्हणजे नेहमी प्राध्यापकच होतो असं नाही. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आज आपल्याला अंधश्रद्धा निर्मूलनासाठी आणि ‘साधना’च्या संपादनासाठी आठवतात. त्याआधी ते कबड्डीतले नावाजलेले खेळाडू होते, बांगलादेशविरुद्ध भारताकडून खेळले होते, राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार त्यांना कबड्डीसाठी मिळाला होता. मिरजेला डॉक्टरकीचं शिक्षण आणि मैदानात कबड्डी, हेही वेळापत्रकच.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. देवळी, पुलगाव, आर्वी, हिंगणघाट, सेलू, कुठेही पहाटे पाचला निघा. रस्त्याच्या कडेनं पोरंपोरी धावताना दिसतील. त्यातली बहुतेक पोलीस भरतीची तयारी करणारी असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. ‘ग्राउंड’ पन्नास गुणांचं, लेखी शंभर गुणांचं. वर्ध्याच्या पालकांच्या मनात ‘खेळातलं करिअर’ म्हणजे जवळपास हेच. दुसरं एक चित्र म्हणजे आखाडा. देवळीचे रामदास तडस कुस्तीच्या जोरावर नावारूपाला आले आणि २०१४ आणि २०१९ अशा दोन निवडणुका जिंकून लोकसभेत वर्ध्याचे खासदार राहिले. आखाडा ते संसद हा रस्ता आपण पाहिलाय. मैदान ते विद्यापीठ हा मात्र कुणी फारसा पाहिलेला नाही, म्हणून तो आहे यावर विश्वास बसत नाही. खरं तर ज्या गावात १९३७ साली देशभरातले शिक्षणतज्ज्ञ जमले आणि हातांनी काम करत शिकण्याची ‘वर्धा योजना’ मांडली गेली, त्या गावात शरीर वेगळं आणि बुद्धी वेगळी असं मानणारे पालक एवढे कसे, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

मागच्या हिवाळ्यात सेलूकडचं एक जोडपं मुलीला घेऊन आलं होतं. मुलगी बारावी सायन्सला, ८०० आणि १५०० मीटर धावणारी. बापानं खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. “सर, पोट्टी पयते चांगली, पन बारावी हाय ना यंदा. काहून बंद नाही करत म्हनलं तर बोलतच नाही घरात.” आणि टेबलावर एक फाइल ठेवली. प्लॅस्टिकच्या पाकिटांची जाडजूड फाइल, सर्टिफिकेटं लॅमिनेट केलेली, दोन-तीनांवर सोनेरी शिक्का. ‘नॅशनल चॅम्पियनशिप’, ‘ऑल इंडिया ओपन’, अशी नावं. त्यातली निम्मी मी बाजूला काढली. बापाचा चेहरा पडला.

सर्टिफिकेट वाचायची एक रीत आहे, ती पालकांनी शिकून घ्यावी. सर्वांत वर स्पर्धेचं नाव असतं, त्याकडे दुर्लक्ष करा. खाली कोणी सही केलीय आणि ती संघटना राष्ट्रीय किंवा राज्य पातळीवरच्या अधिकृत संघटनेशी जोडलेली आहे का, ते बघा. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी क्रीडा खात्याकडून होतात आणि त्यांचं सर्टिफिकेट चालतं. प्रवेश फी भरून परराज्यात जाऊन खेळलेली, सगळ्यांना पदक देणारी ‘नॅशनल’ बहुतेक वेळा नोकरीच्या किंवा गुणांच्या कामाला येत नाही. मग क्रमांक आलाय की नुसता सहभाग आहे, तारीख, जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग. शाळेच्या दाखल्यावर एक आणि सर्टिफिकेटवर दुसरं असलं की पडताळणीत अडकतं. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. मूळ कागद तपासणाऱ्याला अडचण होते.

हे सगळं कशासाठी? दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडून मंडळाकडे जातो आणि शाळा विसरली तर गेले. राज्य सरकारच्या नोकऱ्यांमध्ये खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. पदाचा गट जितका वरचा, तितकी खेळातली कामगिरी वरच्या पातळीची लागते. त्यासाठी सर्टिफिकेटची पडताळणी आपल्याला नागपूर विभागाच्या क्रीडा उपसंचालक कार्यालयातून करून घ्यावी लागते, आणि ती जाहिरात यायच्या आधी करून ठेवलेली बरी. जाहिरात आल्यावर धावपळ करणारे दरवर्षी बघतो.

शिक्षणाचं वेळापत्रक लवचीक करायच्या सोयीही पालकांना माहीत नसतात. शाळेत हजेरी अशक्यच असेल इतका खेळ पुढे गेला असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावी-बारावी देता येते. पदवीसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू आहे. नव्या शिक्षण धोरणात अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आलीय. शिकून झालेल्या विषयांचे क्रेडिट तिथे सात वर्षांपर्यंत जमा राहतात, मधे खंड पडला तरी ते वाया जात नाहीत. रायनसारखं हंगाम सोडून शिकायचं असेल त्याला ही मोठी सोय आहे. आणि ज्याला मोठ्या संस्थेची हौस आहे त्याच्यासाठी, आयआयटी मद्रासनं २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी प्रत्येक अभ्यासक्रमात दोन जादा जागा ठेवल्यात. जेईई अॅडव्हान्स्ड पात्र व्हावंच लागतं आणि राष्ट्रीय पातळीवरचं पदकही लागतं. म्हणजे पुन्हा, अभ्यासाचा दोर हातात हवाच.

आता खेळानुसार मांडणी करू. जिम्नॅस्टिक्स किंवा पोहण्यात शिखर लवकर येतं, विशीच्या आतबाहेर. तिथे मुदत आधी खेळाला द्यावी, शिक्षण चालू पण हलक्या वजनानं. नेमबाजी, बुद्धिबळ यांत वय फारसं आडवं येत नाही. बुद्धिबळात तर केनेथ रोगॉफ ग्रँडमास्टर होता आणि पुढे हार्वर्डचा अर्थशास्त्रज्ञ झाला. कबड्डी, कुस्ती, मैदानी खेळात वीस ते अठ्ठावीस ही वर्षं महत्त्वाची असतात. ती नेमकी पदवी, नोकरी आणि लग्नाची वर्षं, म्हणून तिथेच सगळ्यात जास्त मुलं खेळ सोडतात किंवा शिक्षण सोडतात. या मुलांसाठी कॉलेजची निवड फार विचारानं करावी. टक्क्यांच्या यादीआधी तिथले क्रीडा संचालक कोण आहेत, ते मुलांना आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना खरंच घेऊन जातात का, हे जुन्या विद्यार्थ्यांना विचारा. नागपूर विद्यापीठाचा ‘कलर होल्डर’ होणं, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळणं, हा आपल्या भागात अजूनही मानाचा शब्द आहे, आणि तो कागदही नंतर कामी येतो.

सेलूच्या मुलीचं वर्ष मी तिच्यासमोरच कागदावर काढलं. राज्य शालेय स्पर्धा हिवाळ्यात, बारावीचे पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे डिसेंबरपर्यंत सकाळ-संध्याकाळ मैदान आणि दुपारी फिजिक्स-केमिस्ट्री. जानेवारीपासून फक्त सकाळचा हलका सराव, शरीर सुस्त होऊ नये एवढाच. मेडिकल प्रवेशाच्या ‘नीट’चा अभ्यास मध्येच घ्यायचा नाही, निदान या वर्षी तरी. मुलगी म्हणाली, “जानेवारीत एक खुली स्पर्धा आहे वर्ध्यात, तेवढी.” मी म्हणालो, तेवढी नाही. हिंमत करून नाही म्हणावं लागतं कधीकधी. तिनंही वाद घातला, आणि वाद घालणारी पोरगी मला बरी वाटते.

पुढचं विचारलं तर ती म्हणाली, “मला रनिंगबद्दलच शिकायचंय.” मग तिला पर्याय दाखवले. सावंगी (मेघे) इथल्या रवी नायर कॉलेजात फिजिओथेरपी आहे, घरापासून दूर जायला नको. बी.एस्सी. करून पुढे व्यायाम-शरीरशास्त्राकडे, खेळाडूंचं हृदय आणि स्नायू कसे काम करतात त्या संशोधनाकडे वळता येतं. शारीरिक शिक्षणाचा रस्ता धरायचा तर अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. १९१४ साली सुरू झालेल्या या मंडळाच्या चमूनं १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. त्यांचं शारीरिक शिक्षणाचं पदवी महाविद्यालय आजही चालतं. मध्य प्रदेशात ग्वाल्हेरचं लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थान आहे, १९५७चं. एम.पी.एड. केल्यावर यूजीसीची नेट परीक्षा शारीरिक शिक्षण या विषयात देता येते. त्यात जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत महिना ३७,००० रुपये मिळतात. खेळाडूच्या मुलाखतीत हे कुणी सांगत नाही, पण बापाला तो आकडा ऐकून पहिल्यांदा सरळ बसावंसं वाटलं.

पीएच.डी.बद्दल पालकांना एक धास्ती असते, की एवढ्या उशिरा शिकून नोकरी मिळणार का. प्रामाणिकपणे सांगायचं तर कॉलेजांतल्या पूर्णवेळ जागा कमीच भरल्या जातात आणि तासिका तत्त्वावर वर्षं काढणारे क्रीडा संचालक मी जवळून पाहिलेत. म्हणून फक्त ‘प्राध्यापक’ या एका शब्दावर सगळं लावू नका. संघांसोबतचे फिजिओ, ताकद आणि दमसास वाढवणारे प्रशिक्षक, खेळाच्या आकडेवारीचं विश्लेषण, खेळाडूंचं मानसशास्त्र, या ठिकाणी मैदानावर घाम गाळलेला आणि पुस्तकही वाचलेला माणूस लागतो. नुसत्या पुस्तकी माणसाचा शब्द खेळाडू ऐकत नाहीत. पटियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतला कोचिंगचा डिप्लोमा हाही त्यातला भक्कम रस्ता आहे.

जोडपं उठायच्या बेतात होतं. तोवर गप्प असलेल्या आईनं पदर सावरत विचारलं, “आन् माझ्यासारख्यीले काही आहे का, सर?” त्या बी.ए. आहेत. कॉलेजात खो-खो खेळायच्या, विद्यापीठाच्या स्पर्धेला गेल्या होत्या, मग लग्न झालं. आता घरात शिवणकाम करतात आणि वस्तीतल्या पोरींना संध्याकाळी खेळ शिकवतात, फुकट. बापाला हे नवीनच होतं असं दिसलं.

मी त्यांना बी.पी.एड.बद्दल सांगितलं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, राज्याची सीईटी, लेखी पेपरबरोबर मैदानी चाचणी. पदवीत ठरावीक टक्के लागतात आणि कॉलेजच्या किंवा शालेय मान्यताप्राप्त स्पर्धेत खेळल्याचा पुरावाही. “तुमचं खो-खोचं सर्टिफिकेट आहे का?” त्या थोडा वेळ आठवत राहिल्या. “आर्वीले असंल, माहेरी. मायच्या ट्रंकेत.” ते आधी शोधून आणा म्हटलं, आणि त्यावरचं नाव लग्नाआधीचं असणार, तर राजपत्राची प्रतही सोबत ठेवा.